पेशी, तकसीम आणि सूत्र : एका शास्त्रीय शब्दाची कुळकथा

आपल्या जिल्ह्यात 'विभाजन' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भावाभावांत जमिनीची वाटणी झाली की खाते फुटते. जुन्या निजामी दफ्तरांत त्यालाच तकसीम म्हणत. कोणी वारले की तरक्याची तकसीम होते आणि वारसांचे हिस्से ठरतात. १९४७ साली देशाचे विभाजन झाले, त्याच्या कथा आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या. १९८२ च्या ऑगस्ट महिन्यात खुद्द आपल्या जिल्ह्याचेही विभाजन झाले आणि लातूर हा निराळा जिल्हा अस्तित्वात आला. या साऱ्या विभाजनांचा नियम एकच आहे. एकाच्या वाट्याला जे जाते ते दुसऱ्याच्या वाट्यातून वजा होते. चार एकराचे दोन भाग केले की प्रत्येकाला दोनच एकर मिळतात.

परंतु शाळेत दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात याच शब्दाला एक वेगळा अर्थ आहे. तेथे पेशीचे विभाजन होते आणि एका पेशीच्या दोन पेशी होतात. आता वर्गात मुलांना विचारून पहा, "मूळ पेशीत शेचाळीस गुणसूत्रे होती, तर विभाजनानंतर प्रत्येकीत किती राहतील?" बरीच मुले तत्काळ "तेवीस" असे उत्तर देतात. बिचाऱ्यांचा दोष नाही. घरी, बाजारात, तलाठ्याच्या सज्जात त्यांनी जे विभाजन पाहिले त्याच्याच हिशेबाने ती बोलतात. उत्तर मात्र 'शेचाळीस' असे आहे. एकीतही शेचाळीस आणि दुसरीतही शेचाळीस. निसर्गाच्या घरी अशी एक वाटणी आहे की जिच्यात प्रत्येक वारसाला संपूर्ण इस्टेट मिळते.

हे कसे घडते, त्याला हे नाव कोणी दिले, ते नाव आपल्या भाषांत कोणत्या वाटेने आले, आणि शेवटी आपल्या धाराशिव जिल्ह्यातील बायाबापड्यांचा त्या शब्दाशी काय संबंध आला, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. शब्दाची कुळकथा कळली म्हणजे धडा पाठ करावा लागत नाही, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

'पेशी' या शब्दाची गंमत

प्रथम 'पेशी' हा शब्दच घ्या. मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला 'पेशी' म्हटले की कोर्ट आठवते. "आज माझी पेशी आहे," म्हणजे आज न्यायालयात हजर व्हावयाचे आहे. हा शब्द फारसी 'पेश' म्हणजे 'समोर' यावरून आला. पेशकार, पेशवा, पेशगी ही सारी त्याच घराण्यातली मंडळी होत. विज्ञानातली 'पेशी' मात्र संस्कृत घराण्यातली आहे. सुश्रुताने मानवी शरीरात पाचशे पेशी सांगितल्या, परंतु त्याचा अर्थ मांसाचे स्नायू असा होता. हिंदीत तो अर्थ आजही टिकून आहे आणि 'मांसपेशी' म्हणजे स्नायू. मराठीने मात्र तो शब्द उचलून शरीराच्या सूक्ष्म घटकाला दिला. हिंदीत त्याच घटकाला 'कोशिका' म्हणतात आणि मराठी विश्वकोशातही 'कोशिका' हा शब्द आढळतो. उर्दूत त्याला 'खलिया' म्हणतात.

म्हणजे पाहा, आपल्या भागातल्या एखाद्या मुलाने घरी उर्दू बोलावी, शाळेत मराठी शिकावी, दूरदर्शनवर हिंदी ऐकावी आणि महाविद्यालयात इंग्रजी वाचावी, तर एकाच वस्तूसाठी खलिया, पेशी, कोशिका आणि सेल असे चार शब्द त्याच्यापुढे उभे राहतात. त्यात कोर्टातली पेशी वेगळीच. मूल गोंधळले तर त्याच्या बुद्धीला नावे ठेवू नयेत. हे चारही शब्द त्याच्या घरचेच आहेत, एवढे त्याला सांगितले पाहिजे.

'सेल' हा शब्द इंग्लंडच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६६५ साली वापरला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखी घरे दिसली. त्यांना त्याने 'कोठडी' अशा अर्थाचा शब्द वापरला. ती घरे रिकामी होती, कारण बूच हे मेलेल्या सालीचे असते. जिवंत पेशीत काय असते हे कळावयास पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. १८३१ साली रॉबर्ट ब्राऊन याने वनस्पतींच्या पेशीत एक गोल केंद्र असते असे दाखविले. त्याला मराठीत 'केंद्रक' व उर्दूत 'मरकज़ा' म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सर्व वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले आहेत असा सिद्धान्त मांडला.

आता प्रश्न असा उरला की नवी पेशी येते कोठून? स्फटिक जसा द्रवातून साकळतो तशी ती आपोआप तयार होते, असे त्या दोघांचे मत होते. ते मत चुकीचे ठरले. रॉबर्ट रेमाक याने निरीक्षणाने दाखविले की जुनी पेशी दुभंगूनच नवी होते. रुडॉल्फ विर्को याने १८५५ च्या सुमारास हाच नियम सूत्ररूपाने जगापुढे मांडला. प्रत्येक पेशीचा जन्म आधीच्या पेशीपासून होतो. तुमच्या आमच्या हातावरची प्रत्येक पेशी आपल्या आईच्या उदरातील एका पेशीची वंशज आहे, हा त्याचा अर्थ.

रंगाऱ्याची कला आणि धाग्याचे दर्शन

पेशी दुभंगते एवढे कळले, पण दुभंगताना आत काय चालते ते दिसत नव्हते, कारण पेशीच्या आतले सारे काही पाण्यासारखे पारदर्शक असते. हा पडदा दूर झाला तो रंगाऱ्याच्या कलेने. १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचा कारखानदारी व्यवसाय सुरू झाला. हे रंग कापडासाठी होते. परंतु शास्त्रज्ञांनी ते पेशींवर टाकून पाहिले आणि पेशीचा काही भाग तेवढा गडद रंगू लागला.

जर्मनीतील कील येथील प्राध्यापक वाल्थर फ्लेमिंग याने सॅलॅमँडर नावाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पेशी अशा रंगवून पाहिल्या. केंद्रकातला जो पदार्थ रंग धरी त्याला त्याने १८७९ साली 'क्रोमॅटिन' म्हटले. क्रोमा म्हणजे रंग. विभाजनाच्या वेळी हाच पदार्थ सुताच्या तुकड्यांसारखा दिसू लागतो, प्रत्येक सूत उभे चिरून त्याची दोन सुते होतात आणि ती दोन दिशांना जातात, असे त्याने पाहिले. १८८२ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या क्रियेला 'मायटोसिस' या नावाने ओळख दिली. ग्रीक भाषेत 'मिटोस' म्हणजे धागा, मागावरचा ताण्याचा धागा.

वाचकहो, ज्या शब्दाला मुले घाबरतात तो मुळात विणकराचा शब्द आहे. आपल्या शेजारी सोलापुरात मागावर चादरी विणल्या जातात. तेथल्या कोणत्याही कारागिराला ताणा आणि बाणा विचारा, तो सांगेल. ताण्याचे धागे एका रांगेत समोरासमोर ओढलेले असतात. दुभंगणाऱ्या पेशीचे चित्रही तसेच दिसते. दोन टोकांकडून बारीक तंतू निघतात आणि मधल्या गुणसूत्रांना धरून ओढतात. या तंतूंना पाठ्यपुस्तकात 'तुर्कतंतू' असे नाव आढळते. तुर्कस्तानाशी त्याचा काही संबंध नाही. संस्कृतात 'तर्कू' म्हणजे चाती, सूत काततो ती टकळी. टकळीच्या आकारासारखा दोन्ही टोकांना निमुळता असा तो तंतूंचा जुडगा असतो, म्हणून ते नाव. धागा, ताणा, टकळी, रंग. पेशीविभाजनाची सारी परिभाषा कोष्ट्याच्या, मोमिनाच्या आणि रंगाऱ्याच्या घरातून उचललेली आहे.

या धाग्यांना १८८८ साली वाल्डेयर याने 'क्रोमोसोम' असे नाव दिले. त्याचा शब्दशः अर्थ 'रंगीत देह' असा. ते वंशाचे गुण वाहतात हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. मेंडेलने वाटाण्यावरचे आपले संशोधन १८६६ साली छापले होते, पण ते १९०० पर्यंत अडगळीत पडून होते. त्यानंतर १९०२-०३ मध्ये सटन आणि बोव्हेरी यांनी हे धागे व मेंडेलचे नियम यांचा मेळ घातला. म्हणून इंग्रजी नाव केवळ रंग सांगते, तर मराठीतले 'गुणसूत्र' हे नाव कार्य सांगते. गुण वाहणारे सूत्र! मूळ नावापेक्षा भाषांतर अधिक अर्थपूर्ण झाल्याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

आता 'निम्मे नव्हे, पूर्ण' हे कोडे सोडवू. पेशी दुभंगण्याच्या आधीच, जेव्हा बाहेरून काहीच घडताना दिसत नाही तेव्हा, प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते. शेचाळीस धाग्यांचे शेचाळीस जोडधागे होतात. मग ते आखूड व जाड होऊन दिसू लागतात, ही पूर्वावस्था. नंतर पेशीच्या मध्यभागी एका रांगेत उभे राहतात, ही मध्यावस्था. मग प्रत्येक जोडीतला एक धागा इकडे व एक तिकडे ओढला जातो, ही पश्चावस्था. शेवटी दोन्ही टोकांना नवी केंद्रके तयार होतात, ही अंत्यावस्था. त्यानंतर पेशीचा बाकीचा ऐवज दोन भागांत वाटला जातो. थोडक्यात, आधी नक्कल, मग तकसीम. एखाद्या बापाने आपल्या किताबाचा प्रत्येक सफा नकलून घेतला आणि मग दोन्ही मुलांना एकेक पूर्ण किताब दिला, तर जसे होईल तसेच हे आहे.

भाषांतरकारांची कामगिरी

हे ज्ञान आपल्या भाषांत कसे आले, याचा इतिहास आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. धाराशिव तेव्हा हैदराबाद संस्थानात होते आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले होते. याच निजामाच्या नावाने १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. हिंदुस्थानातील इतर विद्यापीठांत इंग्रजीतून शिक्षण चालू असताना या विद्यापीठाने विज्ञान व वैद्यकासह सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचे ठरविले. पण पुस्तके कोठे होती? म्हणून त्याआधीच १९१७ मध्ये भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उघडण्यात आले. लोक त्याला 'दारुल तर्जुमा' म्हणत. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक होत. हेच अब्दुल हक अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्य अनेक वर्षे आपल्या औरंगाबादेतून चालवीत होते.

शास्त्रीय शब्द कसे घडवावेत यावर तेथे मोठा वाद झाला. काहींचे म्हणणे, सारे शब्द अरबीतूनच घ्यावेत. दुसरा पक्ष म्हणे, उर्दू ही मुळात हिंदुस्थानी भाषा आहे, तेव्हा अरबी, फारसी आणि हिंदी तिन्हींचा उपयोग करून घ्यावा. पानिपतचे मौलवी वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली 'वज़ए-इस्तिलाहात' हा ग्रंथ लिहून दुसऱ्या पक्षाची बाजू मांडली. परिभाषा कशी घडवावी यावर हिंदुस्थानी भाषेत लिहिलेला असा सविस्तर ग्रंथ त्या काळी दुर्मीळच होता. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले आणि त्यानंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. त्यामागच्या राजकारणाची चर्चा येथे करावयाची नाही. इतकेच सांगावयाचे की, प्रादेशिक भाषेतून उच्च विज्ञान शिकविता येते, हा प्रयोग ज्या राज्यात झाला त्याच राज्यातले आपण रहिवासी होतो.

मराठीतही हाच उद्योग चालू होता. दाते आणि कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ सालीच निघाला. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६० मध्ये राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषा कोशांचे काम हाती घेण्यात आले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद, १९६७ मध्ये बालभारती, आणि १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड, अशी ही वाटचाल आहे. मायटोसिसला आज शालेय पुस्तकात 'सूत्री विभाजन' म्हणतात, हिंदीत 'समसूत्री विभाजन' म्हणतात. सूत्र म्हणजे धागाच. अरबीत याला 'इन्किसाम फतीली' म्हणतात. 'फतील' म्हणजे पिळलेला दोरा, वात. मराठीतला 'पलिता' हा शब्द याच घराण्यातला. आणि 'इन्किसाम', 'तकसीम' व 'किस्मत' हे तिन्ही शब्द एकाच धातूपासून झालेले आहेत. ग्रीकांचा मिटोस, पंडितांचे सूत्र आणि अरबांचा फतील. तीन भाषांच्या विद्वानांनी आपापल्या कोशात हात घातला आणि तिघांच्याही हाती धागाच लागला!

मुन्सफाचा न्याय

पेशीविभाजनाचा दुसरा एक प्रकार आहे. त्यात मात्र खरोखरच संख्या निम्मी होते. बीजपेशी तयार होताना, म्हणजे पुरुषात शुक्रपेशी व स्त्रीत अंडपेशी, हे विभाजन घडते. फार्मर आणि मूर यांनी १९०५ साली त्याला ग्रीक शब्दावरून नाव दिले, ते आज 'मायॉसिस' असे उच्चारतात. त्याचा अर्थ 'कमी होणे'. इंग्रजीत मायटोसिस आणि मायॉसिस हे दोन शब्द कानाला इतके सारखे लागतात की परीक्षेत मुलांची हमखास चूक होते. मराठीत 'सूत्री' आणि 'अर्धगुणसूत्री' असा भेद स्पष्ट आहे. फक्त एक सावधगिरी बाळगावी. 'अर्धगुणसूत्री' म्हणजे गुणसूत्राचे अर्धे तुकडे होतात असे नव्हे, तर गुणसूत्रांची संख्या अर्धी होते.

अरबीत याला 'इन्किसाम मुनस्सिफ' म्हणतात, म्हणजे निम्मे करणारे विभाजन. 'निस्फ' म्हणजे अर्धा. याच धातूपासून 'इन्साफ' झाला आणि 'मुन्सफ' झाला. दोन पक्षांना समसमान देतो तो मुन्सफ. निसर्गाचा न्यायही असाच आहे. अपत्यात तेवीस गुणसूत्रे आईची आणि तेवीस बापाची येतात. या बाबतीत मुलगा असो वा मुलगी, आईचा वाटा कधी कमी नसतो.

आपल्या जिल्ह्याच्या नावाने सर्वत्र प्रसिद्ध असलेली उस्मानाबादी शेळी पाहा. शेळीच्या पेशीत साठ गुणसूत्रे असतात. तीस शेळीकडून आणि तीस बोकडाकडून करडात येतात. ही शेळी पुष्कळदा जुळी देते. पण दोन करडे क्वचितच अगदी सारखी असतात. एक काळे कुळकुळीत, तर दुसऱ्याच्या कानावर पांढरे ठिपके. कारण प्रत्येक वेळी कोणती तीस जावीत याची निवड नव्याने होते, शिवाय आईकडून व बापाकडून आलेल्या जोडीदार धाग्यांत तुकड्यांची अदलाबदलही होते. याउलट उसाचे पाहा. उसाची कांडी जमिनीत लावली की डोळ्यातून जो कोंब फुटतो तो केवळ सूत्री विभाजनाने वाढतो. म्हणून एका बेण्याचा सारा फड एकसारखा असतो. शेतकरी शाळेत न जाताही हा भेद जाणतो. तो कांडीला 'बेणे' म्हणतो आणि दाण्याला 'बियाणे' म्हणतो.

हकीमाचे सुरंजान आणि अंगणातली सदाफुली

पेशीविभाजन थांबविता येते काय, हा पुढचा प्रश्न. युनानी हकीम सांधेदुखीवर 'सुरंजान' नावाचा कंद देत आले. इब्ने सिना यांच्या 'अल-कानून' या ग्रंथातही त्याचा उल्लेख आहे. त्या कंदात कॉल्चिसीन हे द्रव्य असते. ते विषारी आहे, जाणत्याच्या देखरेखीवाचून कोणी हात लावू नये. हे द्रव्य पेशीतले ओढणारे तंतू तयार होऊ देत नाही, त्यामुळे विभाजन मध्यावस्थेतच अडकून पडते आणि गुणसूत्रे मोजता येतात. माणसाची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस आहेत असे तीस वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत छापले जात होते. टियो आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये कॉल्चिसीनचा उपयोग करून ती नीट मोजली आणि १९५६ साली जगाला सांगितले की ती शेचाळीस आहेत. हकीमाच्या पोटलीतल्या कंदाने माणसाच्या शरीराचा हिशेब दुरुस्त केला!

आपल्या अंगणात, दर्ग्याच्या आणि देवळाच्या आवारात फुलणारी सदाफुलीही याच कामाची आहे. तिच्यापासून काढलेली व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही औषधे १९६० च्या दशकापासून रक्ताच्या व अन्य कर्करोगांवर वापरली जातात. तीही विभाजनाचे तंतू बनू देत नाहीत.

लगाम सुटला म्हणजे

कर्करोग म्हणजे तरी काय? पेशीविभाजनाचा सुटलेला लगाम. निरोगी पेशी गरज असेल तेव्हाच दुभंगते. तिच्यात विभाजन रोखणारे प्रथिनांचे लगाम असतात. ते निकामी झाले की पेशी वेळी-अवेळी दुभंगत राहते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूमुळे होतो. हा विषाणू, ज्याला एचपीव्ही म्हणतात, नेमके हेच लगाम तोडतो. हेराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३-८४ मध्ये या विषाणूचे दोन घातक प्रकार शोधून दाखविले आणि त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट ऐका. शेजारच्या बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. तिच्यात बार्शीसह आपल्या परंडा व भूम तालुक्यांतील गावे होती. पुढे १९९९ च्या ऑक्टोबरात मुंबईचे टाटा स्मृती केंद्र, हे बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास आरंभिला. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीनुसार गावांचे बावन्न गट पाडले. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. चार विभाग केले. एका विभागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशी काचेवर घेऊन तपासणी, तिसऱ्यात पातळ ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीचीच वैद्यकीय सोय.

आठ वर्षांनंतरचा निष्कर्ष डॉ. शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्या सोयीवर राहिलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४ मृत्यू झाले. एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन तपासण्यांनी तेवढा फरक पडला नाही. चौथ्या विभागातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे योग्य होते काय, अशी टीका पुढे झाली, आणि तो प्रश्न रास्तच आहे. ते ६४ मृत्यू केवळ आकडे नव्हते, कोणाच्या तरी आया आणि बहिणी होत्या. म्हणूनच या अभ्यासाचे ऋण आपल्यावर मोठे आहे. जगातील अनेक देशांनी आपली तपासणीची पद्धत ठरविताना आपल्या खेड्यांतील या स्त्रियांचा दाखला घेतला.

दुःखाची गोष्ट अशी की, ज्या जिल्ह्याने जगाला हे शिकविले त्याच जिल्ह्यात लाजेपोटी दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रिया अजूनही आढळतात. "डॉक्टरला काय दाखवायचं?" असे म्हणून दिवस घालविले जातात. हा रोग एका दिवसात होत नाही. लगाम तुटल्यापासून रोग वाढेपर्यंत बहुधा पुष्कळ वर्षे जातात आणि तेवढी वर्षे उपाय हाती असतो. २०२३ पासून पुण्यात तयार झालेली देशी लसही उपलब्ध आहे. म्हणून शाळेत शिकणाऱ्या मुलीने सूत्री विभाजनाचा धडा वाचला असेल, तर तिने घरी जाऊन अम्मीला, फुफीला, शेजारच्या मावशीला एवढे सांगावे, की तिशी उलटली म्हणजे एकदा तपासणी करून घ्या. दहा गुणांच्या प्रश्नासाठी पाठ केलेल्या शब्दाचा याहून मोठा उपयोग नाही.

शेवटी एक विनंती

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा शिकविताना एक कांदा आणा. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर तो ठेवा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळे फुटतील. मुळाच्या टोकाचा इवलासा भाग कापून, रीतीप्रमाणे मऊ करून, ॲसिटोकार्मिनच्या लाल रंगात रंगवून काचेवर दाबा आणि मुलांना सूक्ष्मदर्शकातून पाहू द्या. कांद्याची गुणसूत्रे सोळाच असतात आणि चांगली ठळक दिसतात. फ्लेमिंगने कीलमध्ये जे पाहिले तेच आपल्या कळंबच्या, उमरग्याच्या, परंड्याच्या मुलाला दिसेल. मग त्याला विचारा, याला काय म्हणावे? तो म्हणेल, "सर, हे तर दोरे दिसतायत." झाले! मिटोस, सूत्र आणि फतील त्याला एका क्षणात कळले.

२०२३ साली आपल्या जिल्ह्याला धाराशिव हे जुने नाव परत मिळाले. नावे बदलतात, भाषा बदलतात, राज्यांच्या सीमा बदलतात. जे टिकते ते आधी नक्कल करून मग वाटल्यामुळेच टिकते, हे पेशी आपल्याला शिकविते. जमीन वाटली की कमी होते. इल्म वाटले तर ज्याने दिले त्याच्याकडेही पूर्ण राहते आणि ज्याने घेतले त्याच्याकडेही पूर्ण जाते. शाळा काढणाऱ्या, पै-पैसा जमवून इमारत बांधणाऱ्या आणि गरिबाच्या लेकरापुढे पुस्तक उघडणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी जी तकसीम केली ती याच जातीची होती. ती पुढे चालू ठेवणे आता आपल्या हाती आहे.